आकाशाची तयारी

आमच्या निरगुडसरला उन्हाळ्यात घरात कोणी झोपत नसे. चैत्राचे ऊन तापू लागले की अंगणात घोंगड्या पडत आणि जेवणे उरकल्यावर आम्हां मुलांचा मुक्काम तेथे हले. शेजारी आबांची, म्हणजे माझ्या आजोबांची, बाज असे. अर्धे जागे आणि अर्धे झोपेत राहून ते आम्हांला आकाश दाखवीत. त्यांच्या आकाशात म्हातारीचे खाटले होते आणि ते पळविणारे तीन चोर होते. मृग होता, आणि मृगामागून येणारा पाऊस होता. पुढे शाळेत सप्तर्षी शिकलो, तेव्हा ते हेच खाटले आहे हे कळून मला मोठी गंमत वाटली होती.

३ एप्रिल १९८४ ची रात्र मला आजही स्पष्ट आठवते. पाडव्याची गुढी उतरवून एकच दिवस झाला होता. आबांचा रेडिओ ओसरीच्या कोनाड्यात खरखरत होता. बातम्या लागल्या आणि निवेदकाने सांगितले, की भारताचा एक वैमानिक त्याच संध्याकाळी अंतराळात गेला आहे. त्याचे नाव राकेश शर्मा. सोव्हिएत संघातील बायकोनूर येथून सोयूझ टी-११ हे यान निघाले होते आणि त्यात दोन रशियन सोबत्यांबरोबर तो बसला होता. मी तेव्हा सहावीत होतो, वय बारा. त्या रात्री मी झोपलो नाही. म्हाताऱ्या माणसाने हरवलेली सुई शोधावी तसा मी आकाशात एक चालती चांदणी शोधीत राहिलो. ती मला सापडली नाही. परंतु पहाटे डोळे मिटले तेव्हा माझे ठरले होते : आपणही तेथे जायचे!

एप्रिलात सकाळची शाळा असे. दोन दिवसांनी गुरुजींनी वर्गात वर्तमानपत्र आणले आणि बातमी मोठ्याने वाचून दाखविली. मग ते म्हणाले, "मुलांनो, या कामासाठी दोघांची निवड झाली होती. एक राकेश शर्मा आणि दुसरे रवीश मल्होत्रा. दोघेही वायुदलातले वैमानिक. दोघेही रशियन भाषा शिकले, दोघांनीही सारखाच अभ्यास केला, सारख्याच कठीण परीक्षा दिल्या. शेवटच्या क्षणापर्यंत दोघेही तयार होते. पण यानात भारतीयासाठी जागा एकच होती."

त्या संध्याकाळी मी ही हकीकत आबांना सांगितली. राकेश शर्मांचे वर्णन करताना माझा आवाज चढत होता. आबा मात्र भलत्याच ठिकाणी अडले.

"आन् त्या दुसऱ्या गड्याचं काय झालं?" त्यांनी विचारले.

"काय व्हायचंय? तो राहिला खाली."

"शिकला तेवढंच की?"

"हो, अगदी तेवढंच."

आबा थोडा वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी आढ्याकडे बोट केले. तेथे बाजरीची निवडक कणसे टांगलेली होती.

"ती कशाला ठेवलीत, पोरा?"

"बियाण्याला."

"सगळं बी मी एका खेपेला पेरतो का?"

"नाही. थोडं मागं ठेवता. पावसानं दगा दिला तर दुबार पेरणीला लागतं."

"आन् नाही दिला दगा, तर मागं ठेवलेल्या बियाचं काय होतं?"

मला हसू आले. "आजी दळते की ते! भाकरी होते त्याची."

"मग? वाया गेलं का ते?"

खरे सांगायचे तर आबांचे हे उत्तर मला मुळीच रुचले नाही. ज्याला आकाशात उडायचे आहे अशा बारा वर्षांच्या मुलाला भाकरी होण्यात काय गोडी वाटणार? मी विषय सोडून दिला.

राकेश शर्मा जवळजवळ आठ दिवस अंतराळात राहिले आणि ११ एप्रिलला सुखरूप परत आले. त्यांच्याविषयी मिळेल ते मी वाचू लागलो. त्यांचा जन्म पतियाळाचा, बालपण हैदराबादचे. युरी गागारीन हा पहिला मानव १२ एप्रिल १९६१ रोजी अंतराळात गेला, तेव्हा राकेशही माझ्याच वयाचा, बारा वर्षांचा, मुलगा होता. त्या काळी आपल्या देशातून कोणी अंतराळात जाईल असे कोणाच्या स्वप्नातही नव्हते. त्याला वैमानिक व्हायचे होते, म्हणून १९६६ साली तो राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत दाखल झाला. ही प्रबोधिनी खडकवासल्याला आहे, हे वाचून मी अक्षरशः उडीच मारली. खडकवासला, म्हणजे आमच्याच पुणे जिल्ह्यात! आकाशाचा रस्ता रशियातून सुरू होतो असे मी समजत होतो. तो तर आमच्या घरापासून एक दिवसाच्या वाटेवर सुरू होत होता.

त्यानंतर पाच-सहा वर्षे मी त्या रस्त्याची तयारी केली. पहाटे उठून मंचरच्या रस्त्याने धावत असे. गणिताची पुस्तके पाठ होईपर्यंत सोडवीत असे. पण मुलांनो, याच काळात मी एक चूक केली, आणि ती मी आज तुमच्यापासून लपविणार नाही. नववीत असताना मला फळ्यावरची अक्षरे पुसट दिसू लागली. वैमानिकाची नजर तीक्ष्ण असावी लागते हे मला ठाऊक होते. म्हणून मी काय केले? डोळे तपासून घेतले नाहीत. मागच्या बाकावरून उठून पहिल्या बाकावर जाऊन बसलो! पहिल्या बाकावरून फळा दिसत होता. तेवढ्यावर मी स्वतःची समजूत घातली. वर्गात सर्वांना वाटले, की मुलगा मोठा अभ्यासू झाला.

१९९० साली मी प्रबोधिनीच्या लेखी परीक्षेत उत्तीर्ण झालो. मुलाखतही चांगली झाली. मग वैद्यकीय तपासणी आली. भिंतीवर अक्षरांचा तक्ता होता आणि येथे पहिला बाक नव्हता. वरच्या मोठ्या ओळी मी वाचल्या; खालच्या ओळींच्या जागी मला नुसत्या करड्या रेषा दिसत होत्या. डॉक्टर सौम्यपणे म्हणाले, "बस, पुरे." त्या दोन शब्दांत माझी पाच-सहा वर्षे संपली.

घरी आलो तो ज्येष्ठाचा महिना होता. मृग तोंडावर आला होता. घरातल्या कोणी मला काही विचारले नाही आणि मीही कोणाशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी आबांनी माझ्यापुढे सूप ठेवले, त्यात बाजरी ओतली आणि म्हणाले, "बी निवडायचंय." त्यांनी मला धीर दिला नाही की उपदेश केला नाही. मी खाली मान घालून दाणे निवडू लागलो. पोचट दाणा, किडका दाणा, खडा. जवळचे मला अगदी स्वच्छ दिसत होते. आठ दिवस मी तेच काम केले. त्या आठ दिवसांत मी काय विचार केला ते आज आठवत नाही. पण नवव्या दिवशी मी उठलो आणि डोळे तपासून चष्मा घेऊन आलो, एवढे आठवते.

पुढे मी विज्ञान शिकलो, आणि विज्ञानाचाच शिक्षक होऊन गावाकडे परतलो. त्याच सुमारास आमच्या उत्तरेला, जुन्नर तालुक्यातल्या खोडदच्या माळावर, एक नवलाचे काम चालले होते. शेतांच्या मधोमध प्रचंड तबकड्या उभ्या राहत होत्या. एकेका तबकडीचा व्यास ४५ मीटर आणि अशा तबकड्या तीस. चौदा मध्यभागी आणि उरलेल्या सोळा तीन दिशांना पसरलेल्या भुजांवर. सगळा पसारा जवळजवळ २५ किलोमीटरांचा. ही रेडिओ दुर्बीण टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभी राहिली. दूरच्या तारकाविश्वांतून येणाऱ्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या रेडिओ लहरी ती टिपते. त्यासाठी शहरांच्या आणि यंत्रांच्या गलबल्यापासून दूर असलेली, डोंगरांच्या आडोशाची जागा हवी होती, आणि ती आमच्या भागात सापडली. मी सायकलवरून जाऊन त्या तबकड्या पाहत उभा राही. पूर्वी मला वाटे, की आकाशाकडे जाणारे दार एकच आहे आणि ते माझ्यासाठी बंद झाले आहे. खोडदच्या माळावर मला दुसरे दार दिसले. ते कांद्याच्या वावरात उभे होते!

राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास तेथे विज्ञान प्रदर्शन भरते. २०२५ च्या फेब्रुवारीत मी माझ्या विद्यार्थ्यांना घेऊन गेलो होतो. सहावीतली एक मुलगी बराच वेळ मान वर करून तबकडीकडे पाहत राहिली आणि मग म्हणाली, "सर, ही तर नुसती तारांची जाळी आहे. भोकांतून लहरी खाली पडत नाहीत का?" प्रश्न ऐकून मला फार आनंद झाला. मी म्हणालो, "घरी चाळणीतून हरभरा खाली पडतो का? भोक लहान आणि दाणा मोठा असला की दाणा वरच राहतो. या लहरींची लांबी जाळीच्या भोकांहून कितीतरी मोठी आहे. म्हणून त्या जाळीवरून परततात. वारा मात्र आरपार निघून जातो, त्यामुळे एवढी मोठी तबकडी हलकी आणि स्वस्त झाली." तिने मान हलविली. परतताना ती म्हणाली, "सर, मी अंतराळात जाणार आहे." तिने हे इतक्या साधेपणाने सांगितले, जणू ती आजोळी जाणार होती. दुसऱ्याच दिवशी तिने यानाचे एक चित्र काढून वर्गाच्या भिंतीवर लावले.

मार्चमध्ये ही मुलगी चौथ्या बाकावरून पहिल्या बाकावर येऊन बसू लागली. इतर कोणाच्या ते ध्यानात आले नाही. माझ्या आले. ज्याने स्वतः जी वाट तुडविली आहे, त्याला त्या वाटेवरची पावले ओळखू येतात. मी तिच्या आईला निरोप पाठविला आणि सुट्टीत तिचे डोळे तपासले गेले. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा तिच्या नाकावर चष्मा होता. आणि भिंतीवरचे चित्र तिने आपल्या हाताने काढून टाकले होते.

त्याच दिवसांत आणखी एक भारतीय अंतराळवीर उड्डाणाची वाट पाहत होता. त्याचे नाव शुभांशु शुक्ला. तो लखनौचा, वायुदलातील वैमानिक, आणि खडकवासल्याच्या त्याच प्रबोधिनीतून शिकून निघालेला. राकेश शर्मांची गोष्ट त्याने लहानपणी शाळेच्या पुस्तकात वाचली होती. आपण अंतराळवीर व्हावे असे मात्र तेव्हा त्याच्या मनात आले नव्हते. कारण माणसाला अंतराळात नेण्याचा कार्यक्रमच आपल्या देशात नव्हता. तो विमाने उत्तम चालवायला शिकला. पुढे भारताने गगनयानाची योजना आखली, तेव्हा निवडलेल्या चार वैमानिकांत तो होता. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाकडे जाणाऱ्या अ‍ॅक्सियम-४ या मोहिमेत त्याला स्थान मिळाले. प्रशांत नायर या दुसऱ्या वैमानिकाला त्याच्या जागी जाण्यासाठी राखीव म्हणून तयार केले गेले. पुन्हा दोघे, आणि पुन्हा जागा एक!

उड्डाण २९ मे रोजी व्हायचे होते. ते लांबले. मी वर्गात फळ्याच्या कोपऱ्यात तारखा लिहिल्या : ८ जून, १० जून, ११ जून, १९ जून, २२ जून. एकामागून एक सगळ्या खोडाव्या लागल्या. कधी वारा प्रतिकूल होता. कधी अग्निबाणातून द्रवरूप प्राणवायू गळत असल्याचे आढळले. कधी स्थानकाच्या एका जुन्या भागाची दुरुस्ती तपासून पाहायची होती. आजाराचा संसर्ग होऊ नये म्हणून अंतराळवीरांना या काळात लोकांपासून वेगळे ठेवले होते. ते विलगीकरण सुमारे महिनाभर चालले. मुले कंटाळून गेली. "सर, आजपण नाही?" हा रोजचा प्रश्न झाला.

अशाच एका दिवशी मी तारीख खोडीत असताना मागून त्या मुलीचा आवाज आला, "सर, तुम्हांला पण वैमानिक व्हायचं होतं ना? आमचे आजोबा सांगत होते."

"हो," मी म्हणालो.

"मग ते झालं नाही. तरी तुम्ही आम्हांला मोठी स्वप्नं पाहा असं का सांगता?"

तिच्या बोलण्यात उद्धटपणा नव्हता. तिला खरोखरच उत्तर हवे होते. वर्ग एकदम शांत झाला. माझ्या हातात खडू होता. पण फळ्यावर लिहिण्यासारखे काही सुचेना. "उद्या सांगतो," असे म्हणून मी तास संपविला.

त्या रात्री मी बराच वेळ जागा होतो. तिला खोटा धीर देणे सोपे होते. 'मनात आणलेस तर सगळे होईल' असे म्हटले की मुले खूष होतात आणि शिक्षकही सुटतो. परंतु मनात आणून सगळे होत नाही, हे मला माझ्या डोळ्यांनी शिकविले होते. उलट, 'स्वप्ने लहानच पाहा, म्हणजे दुःख होणार नाही' असे सांगणे तर त्याहून मोठे खोटे झाले असते. विचार करता करता मला आढ्याला टांगलेली कणसे आठवली. एकेचाळीस वर्षांपूर्वी न रुचलेले उत्तर त्या रात्री मला प्रथम समजले.

दुसऱ्या दिवशी मी वर्गाला सगळे सांगितले. पहिल्या बाकाची गोष्टही सांगितली. त्या वेळी मी कोणाकडे पाहिले नाही. पण पहिल्या बाकावर कोणीतरी चष्मा काढून पुसत होते, हे मला दिसले. मी म्हणालो, "मुलांनो, निवड होणे आपल्या हाती नसते. तयारी आपल्या हाती असते. रवीश मल्होत्रा अंतराळात गेले नाहीत; पण ते जे शिकले ते कोणी काढून घेतले नाही. पुढे ते वायुदलात एअर कमोडोर झाले. राखीव माणूस तयार असतो, म्हणूनच जाणारा माणूस निर्धास्तपणे जाऊ शकतो. माझे म्हणाल, तर वैमानिक होण्यासाठी मी जे गणित शिकलो तेच आज तुम्हांला शिकवितो. मी पेरला गेलो नाही. पण वायाही गेलो नाही."

"आणि चष्मा असला तर?" कोणीतरी विचारले. विचारणारी ती नव्हती. तिच्या शेजारची मुलगी होती.

"चष्मा असला तर लढाऊ विमानाची वाट अवघड होते. हे खरे आहे आणि ते आधीच माहीत असलेले बरे. पण अंतराळात केवळ वैमानिक जात नाहीत. डॉक्टर जातात, अभियंते जातात, संशोधक जातात. त्यांत चष्मा लावणारेही आहेत. शुभांशु ज्या यानातून जाणार आहे, त्याची प्रमुख पेगी व्हिटसन ही बाई आहे. अमेरिकेच्या आयोवा प्रांतातल्या शेतकऱ्याची मुलगी. ती जीवरसायनशास्त्र शिकली. अंतराळवीर होण्यासाठी तिने केलेले अर्ज एकदा नव्हे, अनेकदा नाकारले गेले. ती अर्ज करीत राहिली आणि दरम्यान आपले संशोधनाचे काम मन लावून करीत राहिली. १९९६ साली तिची निवड झाली. २००७ साली ती अंतराळ स्थानकाची पहिली महिला प्रमुख झाली. सगळ्या खेपा मिळून ती सहाशेहून अधिक दिवस अंतराळात राहिली आहे."

पहिल्या बाकावरून प्रश्न आला नाही. पण ती हे सगळे वहीत लिहून घेत होती.

२५ जून २०२५, बुधवार. दुपारी १२ वाजून १ मिनिटाने अमेरिकेतील केनेडी अंतराळ केंद्रावरून अग्निबाण झेपावला. आम्ही सारे शाळेतल्या दूरचित्रवाणीपुढे दाटीवाटीने बसलो होतो. मुलांनी टाळ्या वाजविल्या. बाहेर पावसाच्या सरी पडत होत्या. मला मात्र त्या क्षणी जमिनीवर राहिलेल्या प्रशांत नायर यांची आठवण झाली. आणि मग, माझ्या नकळत, आबांची.

शुभांशु अठरा दिवस अंतराळ स्थानकावर राहिला. हे स्थानक सुमारे दीड तासात पृथ्वीला एक फेरी घालते. दिवसात सोळा वेळा तेथे सूर्य उगवतो. तेथे त्याने काय केले हे ऐकून माझ्या वर्गाला सर्वांत जास्त मौज वाटली. त्याने मेथी आणि मूग यांना मोड आणले! धारवाडच्या कृषी विज्ञान विद्यापीठातील आणि तेथील आयआयटीतील संशोधकांनी हा प्रयोग योजला होता. जेथे वजन जाणवत नाही आणि वर-खाली काही उरत नाही, तेथे बी कसे रुजते हे त्यांना पाहायचे होते. पुढे दूरच्या प्रवासात माणसाला आपले अन्न बरोबर पिकवावे लागेल, त्याची ही सुरुवात होती. आमच्या मुलांच्या घरी मेथीच्या जुड्या बांधून मंचरच्या बाजारात जातात. "म्हणजे सर, तिथं पण शेतीच?" एका मुलाने विचारले. मी म्हणालो, "तिथं पण बीच!"

मग आम्हीही प्रयोग केला. ओल्या फडक्यावर मूग ठेवले. एक ताटली सरळ ठेवली आणि एक रोज उलटी-सुलटी करीत गेलो. मुळांना खालची दिशा सापडते का हे पाहायचे होते. रोजच्या नोंदी कोण ठेवील असे मी विचारले, तेव्हा पहिल्या बाकावरचा हात वर गेला. तिने मोडांची लांबी मोजून लिहिली, वाकलेल्या मुळांची चित्रे काढली. एक दिवस ताटली उलटायची राहिली, तर तेही तिने प्रामाणिकपणे नोंदविले. चुकलेली नोंद लपवायची नसते, हे तिला मी सांगावे लागले नाही.

१५ जुलैला यान प्रशांत महासागरात उतरले. परत आल्यावर शुभांशुने सांगितलेली एक गंमत आम्ही वाचली. वजन नसलेल्या जागी राहून त्याला सवय अशी जडली होती, की पलंगावर काम संपल्यावर त्याने आपला लॅपटॉप बंद केला आणि तो तरंगत राहील या समजुतीने सरळ कडेला सोडून दिला! खाली गालिचा होता म्हणून बरे. मुले खूप हसली. पण त्या गमतीत एक गंभीर गोष्ट होती. एवढे उंच जाऊन आलेल्या माणसालाही जमिनीवर पुन्हा चालणे शिकावे लागते. स्नायू दुबळे झालेले असतात, तोल सांभाळता येत नाही. अंतराळवीराचे शिक्षण यान उतरले म्हणून संपत नाही. ते पुन्हा पहिल्या पावलापासून सुरू होते.

मला वाटते, मोठ्या स्वप्नाचा खरा उपयोग हाच. ते आपल्याला रोज पहाटे उठविते, रोज थोडे अधिक शिकविते, आणि आपल्यातले पोचट दाणे आपल्याच हातांनी निवडून बाजूला करायला लावते. ते पुरे झाले तर आनंदच आहे. नाही झाले, तरी त्याच्या पायी आपण जे झालो ते आपलेच राहते. स्वप्न लहान असते तर मी तेवढे धावलोच नसतो.

पावसाळा सरला. आकाश धुऊन निघाले. एका संध्याकाळी आमच्या आकाशातून अंतराळ स्थानक जाणार होते, म्हणून मी मुलांना शाळेच्या मैदानात बोलाविले होते. आम्ही सारे पश्चिमेकडे पाहत उभे होतो. "ते बघा!" असे सर्वांत आधी तीच ओरडली. एक तेजस्वी ठिपका, न लुकलुकता, शांतपणे माथ्यावरून चालत गेला. बारा वर्षांचा असताना अंगणात पडून मी जी चांदणी रात्रभर शोधली होती, तशीच ही होती. चष्मा सावरीत ती मान वळवून तिच्याकडे पाहत राहिली, ती चांदणी दिसेनाशी होईपर्यंत.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात गेलो, तो पहिल्या बाकावरची तिची जागा रिकामी होती. ती पुन्हा चौथ्या बाकावर जाऊन बसली होती. तेथून तिला फळा स्वच्छ दिसत होता.